नेफाताफ्ल ऑनलाइन: राजा धरण्याआधी कोपरे धरा

प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांचा हा पटावरचा खेळ इंटरनेटवर खेळायला बसणारे नवे खेळाडू बहुधा दोन ठिकाणी अडतात. कोणते नियम लागू आहेत हे न पाहताच ते डाव सुरू करतात. आणि हल्लेखोरांची बाजू मिळाली की पहिल्या चालीपासून राजाच्या मागे धावतात. पहिल्या चुकीमुळे जिंकलेला वाटणारा डाव हातचा जातो. दुसरीमुळे चोवीस सोंगट्या हाताशी असूनही राजा वीस-पंचवीस चालींत कोपऱ्यात पोहोचतो. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने वाचा आणि टप्प्यांचा क्रम बदलू नका.

मूलभूत कल्पना इतकीच. पटाच्या मध्यभागी राजा आणि त्याचे रक्षक असतात, चारही कडांवर त्यांच्या दुप्पट हल्लेखोर. राजाला निसटायचे असते, हल्लेखोरांना त्याला कोंडायचे असते. दोन्ही बाजूंचे बळ आणि उद्दिष्ट वेगळे आहे. वाघ-बकरी खेळलेल्यांना हे लगेच उमजेल, बुद्धिबळातून आलेल्यांना थोडे जड जाते.

टप्पा १ : नियमसंच ठरवा

नेफाताफ्ल हे एका खेळाचे नाव कमी आणि एका घराण्याचे जास्त आहे. ७×७ घरांचा आयरिश ब्रँडुब, ९×९ चा, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांचा ताब्लुत, ११×११ चे फेटलर आणि कोपनहेगन हे सगळे याच घराण्यातले. पट दिसायला सारखे, पण नियम जागोजागी वेगळे. ताब्लुतचे नियम स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७३२ मध्ये लॅपलंडच्या प्रवासात टिपून ठेवले होते. १८११ च्या इंग्रजी भाषांतरात राजा पकडण्याच्या नियमाचा अर्थ चुकीचा लागला आणि ताब्लुतमध्ये राजाला नेहमी चारही बाजूंनी घेरावे लागते असा समज पसरला. तसा खेळ राजाच्या बाजूकडे पार झुकतो. हा समज अजूनही काही अॅपमध्ये तसाच आहे.

डाव स्वीकारण्याआधी नियमांच्या पानावर ही उत्तरे शोधा:

१. राजा कुठे पोहोचला की जिंकतो: पटाच्या कोणत्याही कडेला, की फक्त कोपऱ्यात?
२. राजा पकडायला किती सोंगट्या लागतात: दोन की चार?
३. राजा स्वतः सोंगटी मारू शकतो का?
४. पटाच्या मधल्या घरावरून, म्हणजे सिंहासनावरून, इतर सोंगट्या जाऊ शकतात का, आणि रिकामे सिंहासन शत्रूसारखे वागते का?
५. पहिली चाल कोणाची?
६. त्याच त्या चाली पुन्हा पुन्हा झाल्या तर काय होते?

या लेखात पुढे सगळे कोपनहेगन नियमांनुसार आहे. ऑनलाइन गंभीरपणे खेळणाऱ्यांत ते बरेच चालतात आणि दोन्ही बाजूंना लढायला जागा देतात.

सावधान: सोंगट्यांच्या रंगावरून बाजू ओळखू नका. बहुतेक ठिकाणी हल्लेखोर गडद असतात, पण सगळीकडे नाही. पट उघडला की मोजा. २४ सोंगट्यांची बाजू हल्लेखोरांची, १२ आणि एक राजा ही बाजू रक्षकांची.

टप्पा २ : जागा, खाते आणि वेळ

शोधताना नावाच्या रोमन अक्षरांत गफलत होते. सुरुवातीला न उच्चारला जाणारा ‘एच’ आहे. अक्षरे अशी लिहा: एच-एन-ई-एफ-ए-टी-ए-एफ-एल.

माणसांविरुद्ध सावकाश खेळायचे असेल तर डेन्मार्कमधल्या ओगे नील्सन यांचे संकेतस्थळ पाहा. कोपनहेगन नियम घडवणाऱ्यांपैकी ते एक आहेत आणि तिथे अनेक नियमसंच खेळता येतात. संगणकाविरुद्ध सरावासाठी मास्ट्रिख्ट विद्यापीठात तयार झालेला ‘लुडी’ हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. तो जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, म्हणून संगणकावर जावा आधी बसवलेले हवे. तिथेही यादीतून नेमका नियमसंच निवडावा लागतो. नुसते ‘ताफ्ल’ शोधून जे पहिले दिसेल ते उघडू नका.

पहिले दहा डाव तरी एका चालीला एक दिवस किंवा जास्त मुदत असलेले घ्या. पाच मिनिटांच्या डावात नवा खेळाडू मारलेली सोंगटी मोजत बसतो आणि मोकळी झालेली रांग त्याच्या नजरेतून सुटते. प्रतिस्पर्धी बहुधा युरोपात असेल. डेन्मार्क भारताच्या हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. समोरासमोर बसून खेळायचे ठरवले तर भारतातली रात्री साडेनऊची वेळ त्यांना संध्याकाळी पाच किंवा सहाची पडते. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्यांनी आपले गणित वेगळे मांडावे.

फोनवर खेळत असाल आणि सेटिंगमध्ये ‘चाल पक्की करा’ असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. ११×११ पटावर एक घर बोटाच्या टोकापेक्षाही लहान दिसते. इथे सोंगटी कितीही घरे सरकते, त्यामुळे बोट एक घर चुकले तर डाव जाऊ शकतो.

टप्पा ३ : पट वाचायला शिका

उभ्या रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के अशी अक्षरे आणि आडव्या रांगांना खालून १ ते ११ आकडे धरा. आता ही मांडणी समोरच्या पटाशी ताडून पाहा.

- राजा: एफ-६, हेच सिंहासन.
- रक्षक: एफ-४, ई-५, एफ-५, जी-५, डी-६, ई-६, जी-६, एच-६, ई-७, एफ-७, जी-७, एफ-८. एकूण १२, पत्त्यातल्या चौकटच्या आकारात.
- हल्लेखोर: प्रत्येक कडेच्या मधोमध पाच आणि त्यांच्या पुढे एक. खालच्या कडेला डी-१ ते एच-१ आणि एफ-२. डाव्या कडेला ए-४ ते ए-८ आणि बी-६. वरच्या कडेला डी-११ ते एच-११ आणि एफ-१०. उजव्या कडेला के-४ ते के-८ आणि जे-६.
- कोपरे: ए-१, ए-११, के-१, के-११. यांवर फक्त राजा जाऊ शकतो.

सगळ्या सोंगट्या, राजासुद्धा, बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ कितीही मोकळी घरे चालतात. तिरके चालत नाहीत आणि उडी मारत नाहीत. पहिली चाल हल्लेखोरांची. सिंहासन रिकामे असेल तर त्यावरून कोणीही पलीकडे जाऊ शकते, पण त्यावर थांबू शकतो फक्त राजा.

तपासा: रक्षकांची चौकट नीट पाहिली तर लक्षात येईल की राजाला लागून असलेले चारही रक्षक सुरुवातीला जखडलेले आहेत. आधी बाहेरचा एखादा रक्षक हलतो, मग आतला, आणि मगच राजाला वाट मिळते. म्हणजे राजा लवकरात लवकर स्वतःच्या तिसऱ्या चालीत हलू शकतो. हल्लेखोरांच्या तोवर तीन चाली होतात. त्या तीन चाली वाया घालवणे ही या खेळातली सगळ्यांत महाग चूक.

टप्पा ४ : मारण्याचे नियम पक्के करा

शत्रूच्या सोंगटीला समोरासमोरच्या दोन बाजूंनी, एका सरळ रेषेत, चिमटा बसला की ती मरते. चिमटा शत्रूने स्वतःच्या चालीने पूर्ण करावा लागतो. दोन शत्रूंच्या मध्ये तुम्ही आपणहून जाऊन बसलात तर काही होत नाही. एकाच चालीत दोन किंवा तीन सोंगट्याही मरू शकतात. राजा चिमट्यात भाग घेतो.

आता जिथे हमखास घसरगुंडी होते ते तीन मुद्दे.

पहिला मुद्दा शत्रूसारख्या वागणाऱ्या घरांचा. रिकामा कोपरा दोन्ही बाजूंचा शत्रू. बी-१ वर उभ्या हल्लेखोराला मारायला रक्षकाने नुसते सी-१ वर यायचे, पलीकडचा ए-१ कोपरा उरलेले काम करतो. सिंहासन हल्लेखोरांना कायम शत्रू असते. रक्षकांना ते रिकामे असतानाच शत्रू असते.

दुसरा मुद्दा राजाचा. त्याला चारही बाजूंनी हल्लेखोर हवेत. सिंहासनाला लागून असेल तर तीन हल्लेखोर आणि चौथे सिंहासन. पटाच्या कडेवर राजा पकडला जात नाही, तिथे चौथी बाजूच नसते. चारांपैकी एका बाजूला राजाचाच रक्षक उभा असेल तरीही पकड होत नाही. आधी त्या रक्षकाला मारून तिथे आपली सोंगटी आणावी लागते.

तिसरा मुद्दा ढालभिंतीचा. कडेवर एका ओळीत, एकमेकांना लागून दोन किंवा जास्त शत्रू उभे आहेत. त्या प्रत्येकाच्या समोर तुमची सोंगटी आहे. मग ओळीची दोन्ही टोके दाबली की सगळी ओळ एकदम मरते. उदाहरणार्थ ई-१ आणि एफ-१ वर रक्षक, ई-२ आणि एफ-२ वर हल्लेखोर, जी-१ वरही हल्लेखोर. आता डी-१ वर हल्लेखोर आला की दोघेही गेले. एका टोकाला सोंगटीऐवजी कोपरा चालतो. ओळीत राजा असेल तर बाकीचे मरतात, राजा राहतो.

सरावासाठी हे करून पाहा. रक्षक म्हणून पहिल्याच चालीत डी-६ वरची सोंगटी डी-२ वर नेली तर काय होईल? जागा मोक्याची वाटते, पण तिच्याखाली डी-१ वर हल्लेखोर आहे. डी-११ वरचा हल्लेखोर मोकळ्या झालेल्या उभ्या रांगेतून थेट डी-३ वर उतरतो आणि सोंगटी मारतो. म्हणून चाल पक्की करण्याआधी नवीन घराच्या चारही बाजू पाहाच. शिवाय आपण सोडलेल्या घरातून कोणती रांग मोकळी झाली हेही पाहा. दुसरी सवय लागायला वेळ लागतो.

टप्पा ५ : हल्लेखोरांची बाजू – आधी कोपरे

एक कोपरा पक्का बंद करायला तीन सोंगट्या तिरक्या रेषेत लागतात. ए-१ साठी त्या ए-३, बी-२ आणि सी-१. कोणतीही सोंगटी तिरकी चालत नसल्याने ही रेषा ओलांडता येत नाही. या तिघींना मारायला लागणारी ए-२ आणि बी-१ ही घरे रेषेच्या आत असतात, तिथे रक्षक पोहोचूच शकत नाही. चार कोपऱ्यांना बारा सोंगट्या. उरलेल्या बारा शिकारीला.

सुरुवातीच्या मांडणीतून यातली प्रत्येक सोंगटी एकाच चालीत आपल्या जागी जाते:

१. ए-१ कोपरा: एफ-२ ची बी-२ वर, मग डी-१ ची सी-१ वर, ए-४ ची ए-३ वर.
२. के-१ कोपरा: जे-६ ची जे-२ वर, मग एच-१ ची आय-१ वर, के-४ ची के-३ वर.
३. के-११ कोपरा: एफ-१० ची जे-१० वर, मग एच-११ ची आय-११ वर, के-८ ची के-९ वर.
४. ए-११ कोपरा: बी-६ ची बी-१० वर, मग डी-११ ची सी-११ वर, ए-८ ची ए-९ वर.

प्रत्येक कोपऱ्यात मधली सोंगटी आधी. डी-१ ची सोंगटी सी-१ वर गेली की डी-१ मोकळे होते. बी-२ वर आपले कोणी नसेल तर रक्षक बी-१ आणि डी-१ वर येऊन तिला चिमट्यात धरू शकतात. बी-२ भरलेले असले की बी-१ ला जायला वाटच उरत नाही.

ही बारा चालींची यादी डोळे मिटून पाळायची नाही. रक्षक ज्या बाजूला चौकट उघडतो आहे तिकडचे दोन कोपरे आधी. राजाला कुठे एका चालीत निसटता येईल असे दिसले तर यादी सोडा आणि ती वाट अडवा. अनुभवी खेळाडू बाराही सोंगट्या कोपऱ्यांत अडकवत नाहीत. ते कोपऱ्यांच्या तिरक्या रेषा मध्यभागाकडे वाढवत एकमेकींना जोडतात आणि राजासह सगळ्या रक्षकांभोवती कडे पूर्ण करतात. कोपनहेगन नियमांत उरलेले सगळे रक्षक राजासकट असे वेढले गेले, कोणालाच कडेपर्यंत जाता येईना, की हल्लेखोर तिथेच जिंकतात. राजाला चौघांनी धरण्याची गरजही उरत नाही.

सावधान:

- कोपऱ्याला लागून (बी-१, ए-२) सोंगटी ठेवू नका. कोपराच तिला मारण्यात मदत करतो.
- कड्यातली सोंगटी शिकारीसाठी ओढून घेऊ नका. एक रक्षक मारून एक भगदाड पाडणे हा कधीच फायद्याचा सौदा नाही.
- एखादा रक्षक कड्याबाहेर राहिला तर कडे पूर्ण मानले जात नाही. बाहेरचे रक्षक आधी मारा किंवा आत ढकला.

टप्पा ६ : राजाची बाजू – वाटा उघडा, राजा नंतर

इथली पहिली चूक म्हणजे राजाला घाईने बाहेर काढणे. सिंहासनाशेजारी उभ्या राजाला तीनच हल्लेखोर पुरतात. आधी रक्षक बाहेर पाठवा, चार दिशांपैकी निदान दोन दिशांच्या रांगा मोकळ्या करा आणि काही रक्षक हल्लेखोरांच्या कड्याबाहेर नेऊन ठेवा. बाहेर राहिलेला एक रक्षक आतल्या तिघांपेक्षा जास्त कामाचा असतो. तो चिमट्याचा दुसरा पाय होतो आणि कडे पूर्ण होऊ देत नाही.

जिंकण्याची किल्ली दुहेरी धमकी आहे. राजा एका चालीत दोन कोपऱ्यांकडे जाऊ शकेल अशा जागी आला की प्रतिस्पर्धी एकच वाट अडवू शकतो. राजा कडेवर आला आणि त्या कडेची दोन्ही टोके मोकळी असली तर डाव संपला. लिनीयसच्या टिपणात तर यासाठी शब्दही आहेत: राजाला एक वाट मोकळी झाली की ‘राइची’ म्हणायचे, दोन झाल्या की ‘तुइचू’. दर चालीला मनात हाच प्रश्न विचारा: राइची कुठे होते, आणि ती तुइचू कशी करता येईल?

कोपरे बंद झाले तरी हार मानू नका. राजाला दुसरा मार्ग आहे: कडेवरचा किल्ला. राजा कडेला लागून असावा, त्याला हलायला जागा असावी आणि भोवतीची रक्षकांची भिंत कोणत्याही प्रकारे फोडता येऊ नये. असे झाले की रक्षक जिंकतात. सर्वांत साधा किल्ला चार रक्षकांत होतो: राजा एफ-१ वर, रक्षक डी-१, ई-२, एफ-२ आणि जी-१ वर, आणि ई-१ रिकामे. यातला प्रत्येक रक्षक तपासून पाहा. ज्याला मारायचे त्याच्या पलीकडचे घर एकतर किल्ल्याच्या आत आहे किंवा तिथे राजाच्या बाजूचेच कोणीतरी आहे. ढालभिंतही लागत नाही, कारण ओळीत ई-१ चे रिकामे घर आहे आणि राजासमोर एफ-२ वर त्याचाच माणूस आहे.

सावधान: ई-१ भरून टाकले तर राजाला हलता येत नाही आणि तो किल्ला धरला जात नाही. नवे खेळाडू किल्ला ‘आणखी मजबूत’ करायला जातात आणि हीच चूक करतात.

हल्लेखोरांच्या बाजूने बघत असाल तर कडेवर दोन-तीन रक्षक जमू लागले की किल्ल्याचा वास यायला हवा. राजा तिथे पोहोचण्याआधीच त्यांना फोडा.

टप्पा ७ : डाव अडकला तर

त्याच त्या चालींची पुनरावृत्ती या नियमांत बरोबरी देत नाही. तीच स्थिती तीनदा आली की ती घडवून आणणाऱ्या खेळाडूला वेगळी चाल करावी लागते. बहुधा तो राजाची बाजू खेळणारा असतो, जो तीच धमकी पुन्हा पुन्हा देत असतो. ज्याला कोणतीच चाल उरत नाही तो हरतो.

टप्पा ८ : बाजू बदलून दुसरा डाव

एका डावावरून कोण चांगला खेळला हे या खेळात ठरत नाही, कारण दोन बाजू सारख्या नाहीत. त्याच प्रतिस्पर्ध्याशी बाजू बदलून दुसरा डाव लगेच घ्या. आमंत्रण पाठवतानाच दोन्ही डाव एकदम सुरू केले तर उत्तम. दोघांनी एकेक जिंकला तर ज्याने कमी चालींत जिंकला तो सरस, असे आधीच ठरवून घ्या.

डाव संपल्यावर चालींची नोंद उघडा आणि उलट्या क्रमाने मागे जा. हल्लेखोर म्हणून हरला असाल तर ज्या चालीला राजापासून कोपऱ्यापर्यंतची शेवटची वाट मोकळी झाली तिथे थांबा. त्याच्या साधारण तीन चाली आधी तुम्ही कोणती सोंगटी कड्यातून उचलली होती ते पाहा. राजाच्या बाजूने हरला असाल तर कड्याबाहेर तुमचा शेवटचा रक्षक कोणत्या चालीला मेला ते शोधा. पुढच्या डावात त्या एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून खेळा.